प्राथमिक शाळेचे संमेलन : यश कोणाचे?

१

प्राथमिक शाळेच्या वार्षिक स्नेहसंमेलनाचे ठरलेले रूप आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. पटांगणात मांडव पडतो, मान्यवर पाहुणे व्यासपीठावर येऊन बसतात, ईशस्तवन व स्वागतगीत होते आणि मुख्याध्यापक वर्षाचा अहवाल वाचावयास उभे राहतात. अहवालात पटसंख्या असते, परीक्षांचे निकाल असतात, शिष्यवृत्तीस पात्र ठरलेल्या मुलांची नावे असतात. वक्तृत्व, चित्रकला, खो-खो, कबड्डी यांत शाळेने मिळविलेल्या यशाची नोंद असते. नावे वाचली जातात, टाळ्या पडतात, पारितोषिके दिली जातात. मग नाच, गाणी, नाट्यप्रवेश होतात आणि रात्री उशिरा पेंगुळलेली मुले आईबापांच्या खांद्यावर घरी जातात.

हा सोहळा उपहास करण्याजोगा मुळीच नाही. अनेक पालकांना शाळेच्या फाटकातून आत येण्याचा प्रसंग एरवी तक्रार ऐकण्यापुरताच येतो. ते त्या संध्याकाळी सन्मानाने येऊन बसतात आणि आपल्या मुलाचे नाव ध्वनिक्षेपकावरून ऐकतात. त्या क्षणाचे मोल कमी लेखण्याचा अधिकार कोणाही विद्वानास नाही.

तथापि अशा एखाद्या संमेलनाचा अहवाल शांतपणे ऐकला, तर मनात एक प्रश्न उभा राहतो. शाळेत जर तीनशे मुले असतील आणि नावे तीस वाचली गेली असतील, तर उरलेल्या दोनशे सत्तर मुलांनी वर्षभर काय केले? त्यांनी काहीच मिळविले नाही असे म्हणावयाचे, की त्यांनी जे मिळविले ते पाहण्याची नजर आपल्या अहवालास नाही असे म्हणावयाचे? आणि ज्यांची नावे वाचली गेली, त्यांचे यश तरी कितपत त्यांचे स्वतःचे होते? पाठ करून घेतलेले भाषण, बसवून घेतलेला नाच, सरांनी रेषा सुधारून दिलेले चित्र यांत मुलाचा वाटा किती आणि मोठ्यांचा किती?

हा प्रश्न आजचा नाही. मराठी, बंगाली व गुजराती या तीन भाषांत गेल्या पावणेदोनशे वर्षांत त्यास वेगवेगळी उत्तरे दिली गेली आहेत. ती देणारी माणसे केवळ शिक्षणतज्ज्ञ नव्हती. त्यांतील काहींनी ती साहित्यकृतींतून दिली, काहींनी प्रत्यक्ष शाळा काढून दिली, आणि एक उत्तर तर शाळेत शिकणाऱ्या एका मुलीनेच दिले. त्या उत्तरांचा परामर्श घेऊन प्राथमिक शाळेतील मुलांच्या यशाकडे पाहण्याची काही दृष्टी हाती येते का, हे पाहणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

आजच्या पारितोषिक-समारंभाचे मूळ एकोणिसाव्या शतकातील जाहीर परीक्षेत शोधावे लागते. त्या काळी शाळेची परीक्षा बंद खोलीत कागदावर होत नसे. प्रतिष्ठित नागरिक, युरोपीय अधिकारी, देणगीदार यांच्यासमोर मुलांना उभे करून प्रश्न विचारले जात, वाचून घेतले जात, हिशेब करवून घेतले जात आणि अखेरीस बक्षिसे वाटली जात. पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ पासून सुरू केलेल्या शाळांच्या परीक्षाही १८५०च्या दशकात अशाच जाहीरपणे, मोठ्या समुदायासमोर झाल्या. त्यांच्या बाबतीत या पद्धतीस एक विशेष अर्थ होता, हे विसरून चालणार नाही. मुली आणि अस्पृश्य मानलेल्या जातींची मुले शिकूच शकत नाहीत, असे मानणाऱ्या समाजापुढे त्यांना वाचताना, लिहिताना दाखविणे हाच एक युक्तिवाद होता. तेथील प्रदर्शन मुलांच्या हक्काच्या सिद्धीसाठी होते.

पुढे मात्र परीक्षेच्या निकालास पैशाची किंमत आली. इंग्लंडमध्ये १८६२ च्या सुधारित नियमावलीने शाळेचे अनुदान मुलांच्या परीक्षेतील यशाशी जोडले. प्रख्यात कवी व समीक्षक मॅथ्यू आर्नल्ड हे स्वतः शाळातपासनीस होते आणि या पद्धतीने शिक्षण यांत्रिक होते, अशी टीका त्यांनी सातत्याने केली. तीच पद्धत थोड्याच काळात मुंबई इलाख्यात अनुदानित शाळांना लागू झाली. तपासनीसाने मुले तपासावयाची, उत्तीर्ण मुले मोजावयाची आणि त्या मोजणीनुसार शाळेस पैसे द्यावयाचे. साहजिकच जे मूल उत्तीर्ण होण्याची खात्री नाही, ते शाळेच्या दृष्टीने खर्चाची बाब ठरले. ‘निकाल’ हा शब्द आपल्या शालेय भाषेत आज ज्या वजनाने वावरतो, त्या वजनाचा काही अंश तरी या व्यवहारातून आला असावा, असे वाटते.

१८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात जोतीरावांनी या पद्धतीवर नेमके बोट ठेवले. ज्या वर्गांत शिक्षणाची गोडी अद्याप उत्पन्न झालेली नाही, त्या गरीब व अज्ञ लोकांत शिक्षण पसरविण्यास निकालावर आधारलेले अनुदान मुळीच उपयोगी नाही, असा त्यांचा अभिप्राय होता. मात्र याच निवेदनात त्यांनी खालच्या मानलेल्या वर्गांतील मुलांसाठी उदार शिष्यवृत्त्या आणि सहामाही किंवा वार्षिक बक्षिसे असावीत, असेही सुचविले. वरवर पाहता या दोन म्हणण्यांत विसंगती दिसते. निकालाला विरोध आणि बक्षिसाला पाठिंबा, हे कसे?

किंचित विचार केला, तर विसंगती नाहीशी होते. निकालाचे अनुदान जी मुले आधीच पुढे आहेत त्यांची मोजदाद करते आणि मागच्यांना दाराबाहेर ठेवण्याचा मोह शाळेस घालते. जोतीरावांना अभिप्रेत असलेले बक्षीस दाराबाहेरच्या मुलास आत आणण्यासाठी आहे. दोहोंतही वस्तू तीच, पण हेतूची दिशा उलट. प्राथमिक शाळेतील कोणत्याही गौरवाकडे पाहताना हा भेद ध्यानी ठेवावा लागेल. सरकारने १९०४ च्या शैक्षणिक धोरणविषयक ठरावाने निकालानुसार अनुदान देण्याची पद्धत सोडून दिली. शाळांच्या मनातून ती केव्हा गेली, किंवा गेली की नाही, हा स्वतंत्र प्रश्न आहे.

३

आता त्या एका मुलीकडे वळू. फुले यांच्या शाळेत सुमारे तीन वर्षे शिकलेली मुक्ता साळवे ही मातंग समाजातील मुलगी. १८५५ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात दोन भागांत प्रसिद्ध झाला. मराठी गद्याच्या इतिहासात या निबंधास आज मानाचे स्थान आहे. दलित साहित्याचा व स्त्रीलेखनाचा विचार करणाऱ्या अभ्यासकांना तो टाळून पुढे जाता येत नाही. परंतु तो मुळात एका शाळकरी मुलीचे लेखन आहे, ही गोष्ट मात्र आपण पुरेशी ध्यानात घेत नाही.

निबंध हा शाळेने शिकविलेला प्रकार. विषय द्यावयाचा, मुद्दे क्रमाने मांडावयाचे, शेवटी उपदेश करावयाचा, असा त्याचा साचा असतो. मुक्ताबाईंनी तो साचा घेतला; परंतु त्यात जे भरले ते कोणत्याही शिक्षकाने पाठ करून देण्यासारखे नव्हते. वेद ज्यांचे त्यांनाच वाचता येतात, तर मग आम्हांस धर्मग्रंथच नाही. मग आमचा धर्म कोणता, हे देवाने आम्हांस कळवावे, असा प्रश्न ती विचारते. पेशवाईतील अत्याचार ती सांगते. डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या आपल्या जातीच्या स्त्रियांच्या हालांचे वर्णन करते. आणि अखेरीस आपल्याच लोकांकडे वळून त्यांनी ज्ञान घ्यावे अशी विनवणी करते. देव, समाज आणि आपले लोक अशा तीन श्रोत्यांना उद्देशून बोलणारा हा निबंध आहे, आणि एका श्रोत्याकडून दुसऱ्याकडे वळताना तिचा आवाज कोठेही डळमळत नाही.

तीन वर्षांच्या शिक्षणाचे हे फळ होते. येथे शाळेने काय दिले आणि मुलीने काय आणले, हे निराळे करून पाहता येते. अक्षरे शाळेने दिली, वाक्याची बांधणी शाळेने दिली, निर्भयपणे बोलण्याची मुभाही शाळेने दिली. अनुभव मात्र तिचा होता आणि प्रश्नही तिचा होता. शाळेच्या देण्यामुळे मुलाचे स्वतःचे असे काही बोलके होणे, हीच प्राथमिक शिक्षणातील यशाची सर्वांत नेमकी व्याख्या म्हणता येईल. अशा यशास पहिला क्रमांक देता येत नाही, कारण त्या शर्यतीत दुसरे कोणी धावत नसते. मुक्ताबाईंच्या निबंधास कोणत्याही स्पर्धेच्या गुणतक्त्यात बसविण्याची कल्पनाच हास्यास्पद वाटते. आणि तरीही पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या त्या शाळांची आठवण आज ज्या थोड्या गोष्टींनी जिवंत ठेवली आहे, त्यांत हा निबंध अग्रभागी आहे.

४

मुलाचे स्वतःचे असे काही त्याच्या लेखणीतून उमटते, तसे ते रंगभूमीवरही उमटू शकेल काय? येथे बंगालकडे पाहणे अगत्याचे ठरते. रवींद्रनाथ ठाकुरांनी १९०१ मध्ये शांतिनिकेतनात मोजक्या मुलांना घेऊन शाळा काढली. या शाळेतील मुलांसाठी त्यांनी जी नाटके लिहिली, त्यांत १९०८ मधील ‘शारदोत्सव’ हे विशेष लक्षणीय आहे. मुलग्यांच्या शाळेत करावयाचे म्हणून त्यात स्त्रीपात्र नाही. एकदोन प्रमुख पात्रे सोडली, तर मुलांचा घोळकाच नाटकाचा नायक आहे. घोळका ही गोष्ट प्राथमिक शाळेच्या दृष्टीने फार महत्त्वाची. ज्याला लांब भाषण पाठ होत नाही, ज्याचा आवाज गोड नाही, तोही घोळक्यात असतो आणि त्याच्यावाचून घोळका होत नाही.

नाटकाचे कथानक साधे आहे. शरद ऋतू आला आहे, शाळेस सुट्टी लागली आहे, मुले नदीकाठी हुंदडत आहेत. त्यांच्यात एक उपनंद नावाचा मुलगा मात्र पोथीची नक्कल करीत बसला आहे. त्याचा आश्रयदाता वीणावादक ऋण ठेवून वारला. ते ऋण फेडावे म्हणून हा मुलगा लिहीत आहे. खेळाच्या दिवशी काम करणारा हा मुलगा उत्सवाबाहेर पडला, असे कोणासही वाटेल. नाटकातील संन्यासी, जो वस्तुतः वेषांतर केलेला राजा आहे, त्याचे म्हणणे वेगळे आहे. निसर्गाने भरभरून दिलेल्याची परतफेड करणे हाच शरदाचा उत्सव, आणि तो या मुलाच्या हातून घडतो आहे, असे त्याला दिसते. मग तो आणि मुले उपनंदाच्या कामात हात घालतात. पुढे १९२१ मध्ये या नाटकाची पुनर्रचना करताना रवींद्रनाथांनी त्यास ‘ऋणशोध’ हे नाव दिले, यावरून उपनंदाचे ऋण फेडणे हाच नाटकाचा गाभा होता, हे स्पष्ट होते.

आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने या नाटकातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक म्हणजे शाळेतील सादरीकरण हे पाहुण्यांच्या करमणुकीकरिता असण्याऐवजी ऋतूशी, सुट्टीशी, मुलांच्या प्रत्यक्ष जगण्याशी जोडलेले असू शकते. दुसरी गोष्ट अधिक मोलाची आहे. जो मुलगा रंगात सामील नाही, त्याच्याकडे सर्वांची दृष्टी वळविणे, हेच या नाटकाचे कार्य आहे. प्रत्येक प्राथमिक शाळेत उपनंद असतात. धाकट्या भावंडाला सांभाळावयाचे म्हणून तालमीस न थांबणारी मुलगी, सुगीच्या दिवसांत शेतावर जाणारा मुलगा, आईबरोबर ऊसतोडीच्या कामासाठी गाव सोडणारी भावंडे; ही मुले अहवालात ‘अनियमित उपस्थिती’ या सदराखाली येतात. त्यांनी पेललेली जबाबदारी हे यश आहे, असे कोणी म्हणत नाही. मुलांनी श्रम करावेत असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. रवींद्रनाथांच्या नाटकातही इतर मुले त्याला एकट्याला राबू देत नाहीत. परंतु ते श्रम दिसले पाहिजेत, आणि दिसल्यावर बाकीच्यांनी हात पुढे केला पाहिजे.

शांतिनिकेतनाच्या पाठभवनात साहित्यसभेचीही परंपरा आहे. मुले एकत्र जमतात आणि आपल्या रचना एकमेकांस वाचून दाखवितात. येथे श्रोते प्रामुख्याने मुलेच असतात, आणि आपल्या बरोबरीच्या मुलांपुढे वाचलेली चार ओळींची कविता लिहिणाऱ्यास जे शिकविते, ते पाहुण्यांच्या टाळ्या शिकवीत नाहीत.

५

बंगालमध्ये कवीने शाळा काढली. गुजरातमध्ये एका वकिलाने वकिली सोडून बालशिक्षणास वाहून घेतले. गिजुभाई बधेका यांनी भावनगर येथे दक्षिणामूर्ती संस्थेत १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले. त्यांच्या विपुल लेखनात ‘दिवास्वप्न’ ही छोटी कथारूप पुस्तिका सर्वाधिक वाचली गेली. लक्ष्मीराम नावाचा एक कल्पित शिक्षक शिक्षणाधिकाऱ्याकडे जाऊन चौथीचा एक वर्ग एक वर्षासाठी मागून घेतो आणि त्या वर्गात प्रयोग करतो, एवढीच तिची कथा.

या पुस्तिकेचे सामर्थ्य तिच्या प्रामाणिकपणात आहे. पहिल्याच दिवशी लक्ष्मीरामाचा बेत फसतो. शांततेचा खेळ घ्यावा म्हणून तो जातो आणि वर्गात गोंधळ माजतो. मग तो गोष्ट सांगू लागतो आणि मुले गप्प बसून ऐकतात. गोष्टींतून वाचनाची ओढ लागते. पाठ्यपुस्तकांसाठी पालक जे पैसे देणार, ते एकत्र करून गोष्टींची पुस्तके घ्यावयाची आणि वर्गाचे वाचनालय करावयाचे, अशी योजना तो करतो. खेळ, स्वच्छता, भटकंती, चित्रे, नाटके यांतून वर्ष पुढे जाते. व्याकरणही खेळातून येते. सहकारी शिक्षक हसतात, पालक कुरकुरतात, अधिकारी काळजीत पडतो, आणि लक्ष्मीराम पुनःपुन्हा मुलांकडेच परततो.

या पुस्तिकेच्या शेवटच्या भागाचे शीर्षक मराठीत सांगावयाचे तर ‘शेवटचा मेळावा’ असे होईल. म्हणजे गिजुभाईंनाही प्रयोगाची सांगता संमेलनानेच करावीशी वाटली, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. संमेलनास त्यांचा विरोध नव्हता. विरोध होता तो निवडक मुलांना हेरून, त्यांच्याकडून पाठ करून घेऊन, साहेबांपुढे उभे करण्याच्या रीतीस. वर्षभर वर्गात जे सहज चालू होते, ते त्या दिवशी सर्वांनी पाहिले तर हरकत नाही. पण त्या दिवसासाठी वर्ष राबविणे त्यांना मान्य नव्हते. मुलांना शिक्षेच्या भीतीने आणि बक्षिसाच्या लोभाने काम करावयास लावणे या दोन्ही गोष्टी त्यांनी आयुष्यभर एकाच मापाने मोजल्या. कारण दोहोंतही मुलाचे लक्ष कामावरून उडून कामाच्या पलीकडे असलेल्या कशावर तरी खिळते.

येथे वाचकांच्या मनात शंका येईल की जोतीराव बक्षिसे मागतात आणि गिजुभाई ती नाकारतात. मग खरे कोणाचे मानावयाचे? मला वाटते, दोघे निरनिराळ्या उंबरठ्यांवर उभे राहून बोलत आहेत. जोतीरावांसमोरचे मूल शाळेच्या बाहेर आहे. त्याचे शाळेत येणे हाच घरच्या मिळकतीचा तोटा आहे, आणि तो भरून काढण्यास शिष्यवृत्ती व बक्षीस ही साधने आहेत. गिजुभाईंसमोरचे मूल वर्गात येऊन बसले आहे. त्याचे शिकणे बक्षिसाने नासू नये, ही त्यांची चिंता आहे. बाहेरच्यास आत आणण्यासाठी साहाय्य आणि आत आलेल्यांत उतरंड न लावणे, अशा रीतीने दोन्ही मते एकत्र नांदू शकतात. आपल्या शाळांत पुष्कळदा याच्या उलट घडते: आत आणण्याचे साहाय्य तुटपुंजे आणि उशिरा, आणि आत आल्यावर क्रमांकांची उतरंड मात्र काटेकोर.

६

भावनगरातील हा विचार महाराष्ट्रात आला तो ताराबाई मोडक यांच्यामुळे. १९२३ पासून त्यांनी गिजुभाईंबरोबर काम केले आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. शहरी, सुस्थित कुटुंबांतील मुलांपुरते हे शिक्षण मर्यादित राहू नये, म्हणून १९४५ मध्ये त्या बोर्डी येथे गेल्या. तेथे अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या, आणि १९५७ मध्ये या कार्याचे केंद्र डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. हा भाग त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होता. २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात आहे.

आदिवासी पाड्यांतील मुले शाळेत येत नव्हती. तेव्हा बालवाडी पाड्यातील अंगणात नेली गेली आणि तिला ‘अंगणवाडी’ हे सुंदर नाव मिळाले. शिंपले, बिया, पाने, खडे हीच साधने झाली. थोडी मोठी मुले गुरे राखावयास कुरणात जात. मग शाळाच त्यांच्यामागे कुरणात गेली आणि ‘कुरणशाळा’ झाली. गुरे चरत आहेत, मुले एका झाडाखाली जमली आहेत आणि शिकणे चालले आहे, असे तिचे स्वरूप होते.

कुरणशाळेत पारितोषिक-वितरणाचे व्यासपीठ कोठे उभारावयाचे? प्रश्न गमतीचा वाटला तरी त्यात एक निकष दडलेला आहे. ज्या मुलाच्या कुटुंबात यापूर्वी कोणी अक्षर गिरविले नाही, ते मूल दररोज येऊन बसते, ऐकते, मोजते, स्वतःचे नाव लिहिते. कोसबाडच्या मापाने हे मोठे यश आहे. येथे यश म्हणजे दुसऱ्या मुलाच्या पुढे जाणे नव्हे. त्याच मुलाने काल जेथे होते तेथून पुढे जाणे होय. आणि यशात शाळेचाही हिशेब आहे. मुलाने शाळेपर्यंत यावे यासाठी शाळा मुलाकडे किती चालत गेली, हे त्या हिशेबाचे पहिले कलम. आपल्या वार्षिक अहवालांत हे कलम सहसा आढळत नाही.

७

या सर्व विवेचनाचा आजच्या शाळेशी संबंध काय? २००९ चा बालकांच्या शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याने मुलाच्या सर्वांगीण, सातत्यपूर्ण मूल्यमापनाचे तत्त्व कायद्यात आणले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रगतिपत्रकाची फेररचना सुचविली असून मुलाने स्वतःचे व सवंगड्यांनी एकमेकांचे मूल्यमापन करण्याचा समावेश त्यात आहे. कागदावर ही दिशा गिजुभाई व ताराबाई यांच्या विचाराच्या जवळ जाणारी आहे. परंतु प्रगतिपत्रकाचा रकाना बदलला म्हणजे पाहण्याची नजर बदलतेच असे नाही. ‘सहभाग’ या नावाचा नवा रकाना जुन्याच गुणांनी भरता येतो.

नजर बदलावयाची असेल तर नवे काही आयात करण्याची गरज नाही, असे मला वाटते. आपल्या साध्यासुध्या शाळांत ज्या गोष्टी आधीच चालू आहेत, त्यांकडेच नीट पाहावे. महाराष्ट्रातील प्राथमिक शाळांत दिवसाचा आरंभ परिपाठाने होतो. प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, बातम्या, बोधकथा यांची जबाबदारी मुलांकडे पाळीपाळीने येते. पाळी हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. पाळीत अडखळणाऱ्या मुलालाही उभे राहावे लागते, आणि वर्षात पाच-सहा वेळा अडखळून सातव्या वेळी ते सरळ वाचते. या सातव्या वेळेस कोणी टाळी वाजवीत नाही. तिची नोंद वर्गशिक्षिकेच्या मनात तेवढी असते. दुसरी गोष्ट म्हणजे हस्तलिखित. मुलांच्या गोष्टी, कोडी, कविता, चित्रे यांचे हाताने लिहून शिवलेले अंक अनेक शाळांत निघतात, आणि प्रकाशनाचा समारंभ आटोपला की पुष्कळदा कार्यालयातील कपाटात जातात.

असे एक हस्तलिखित अलीकडे पाहावयास मिळाले. त्या शाळेच्या संमेलनात पुष्कळ नावे वाचली गेली होती. हस्तलिखितात तिसरीतील एका मुलीने विहिरीविषयी सहा ओळी लिहिल्या होत्या. उन्हाळ्यात विहिरीत उतरून वाटीने पाणी भरावे लागते, आणि वाटी दगडावर घासली की विहीर ओरडल्यासारखी वाटते, असा त्यांचा आशय होता. शुद्धलेखनाच्या चार चुका तांबड्या शाईने दुरुस्त केलेल्या होत्या. मुलीचे नाव त्या संध्याकाळी घेतले गेले नव्हते. तिला कोणते पारितोषिक द्यावयास हवे होते, असे माझे म्हणणे नाही. त्या सहा ओळी परिपाठाच्या वेळी कोणी मोठ्याने वाचल्या असत्या, आणि बाकीच्या मुलांनी आपापल्या विहिरींविषयी काही सांगितले असते, तर पुरे होते.

तेव्हा शाळेच्या वार्षिक अहवालाकडे पाहताना तीन प्रश्न विचारता येतील. वर्षभरात प्रत्येक मुलास, निवडीने नव्हे तर पाळीने, उभे राहण्याची संधी मिळाली काय? मुलांनी जे सादर केले, लिहिले, घडविले, त्यात त्यांच्या स्वतःच्या अनुभवाचा काही अंश होता काय? आणि जे मूल रंगात सामील होऊ शकले नाही, त्याच्यापर्यंत शाळा चालत गेली काय? मुक्ताबाईंचा निबंध, ‘शारदोत्सव’मधील उपनंद, लक्ष्मीरामाचा वर्ग आणि कोसबाडची कुरणशाळा यांतून हेच प्रश्न वेगवेगळ्या रूपांत पुढे येतात. भाषा निराळ्या, काळ निराळे, समाजाचे थर निराळे. परंतु न घेतल्या गेलेल्या नावाविषयीची आस्था सर्वत्र एकच आहे.

स्नेहसंमेलने होत राहावीत, मांडव पडावेत, मुलांनी नाचावे आणि आईबापांनी डोळे भरून पाहावे. मात्र ‘स्नेहसंमेलन’ या जोडशब्दातील ‘सम्’ या उपसर्गाचा अर्थ ‘एकत्र’ असा आहे. मुख्याध्यापक अहवाल वाचावयास उभे राहतील, तेव्हा त्यांनी कधी एखाद्या वर्षी पटावरील सगळीच नावे वाचून पाहावीत. तीनशे नावांस वेळ किती लागणार? फार तर पंधरा मिनिटे. पाहुण्यांचे भाषण तेवढे आटोपशीर झाले, तर कोणाची फारशी तक्रार असणार नाही.